बोटभर मिश्री

मैत्रिणींनो, ‘व्यसन’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? बहुधा एखादा पुरुषच. दारू पिऊन उशिरा घरी येणारा, कोपऱ्यावरच्या टपरीवर माव्याची पुडी सोडणारा, नाहीतर दर अर्ध्या तासानं विडी शिलगावणारा. व्यसन पुरुषांचं आणि त्याचा ताप बायकांना, अशी वाटणी आपण मनाशी करूनच टाकलेली असते.

पण जरा आपल्याच स्वयंपाकघरातल्या फळीवर बघा. चहा-साखरेच्या डब्यांच्या मागे पुष्कळ घरांत एक लहानशी डबी असते. कधी पावडरची रिकामी डबी, कधी बामची बाटली. आत काळी पूड असते. सकाळी उठल्याबरोबर घरातली बाई ती डबी उघडते, पुडीत बोट बुडवते आणि मागच्या दारी पायरीवर बसून दातांवर, हिरड्यांवर बोट फिरवत राहते. आमच्याकडे तिला मिश्री म्हणतात, बोलताना ‘मिसरी’. मुंबईकडे तिचंच नाव मशेरी. हिला व्यसन म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते आपलं दात घासणं असतं!

मी राहते ते मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात आहे. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, इतकंच. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता आंबा घाटात उतरण्याआधी आमच्या गावावरून जातो. पावसाळ्यात घाटाकडून पाऊस आला की चार-चार दिवस उघडीप नसते, आणि मग बायकांचं सगळं जग म्हणजे चूल, न्हाणी आणि मागचं दार. त्या मागच्या दारी बसून मी पुष्कळ मिश्री लागताना पाहिली आहे. आणि एका घरातून ती कशी गेली, तेही पाहिलं आहे. तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

तव्यावरची तंबाखू

ज्यांनी मिश्री कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. बाजारातून तंबाखू आणायची, लोखंडी तव्यावर ती काळी होईपर्यंत भाजायची आणि मग चुरून, कुटून तिची पूड करायची. भाजताना असा ठसका उठतो की सगळी गल्ली खोकते. शेजारीण न सांगताच ओळखते, “मिसरी भाजायला काढलीया वाटतं!”

आमच्या भागाला तंबाखू काही परकी नाही. पुणे-बंगळूर रस्त्यानं कोल्हापूरच्या पुढे गेलं की निपाणी लागतं. बेळगाव जिल्ह्यातलं, पण मराठी बोलणारं हे गाव तंबाखूच्या व्यापारावर वाढलं. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी तिथं रस्त्यावर बसले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. तिथल्या वखारींतून तंबाखू निवडायचं-चाळायचं काम बायका वर्षानुवर्षं करत आल्या. जी वस्तू शेतात पिकते, बाजारात मिठा-मिरचीशेजारी मिळते आणि घरच्या तव्यावर भाजली जाते, तिची भीती वाटणार तरी कशी?

आणि ही एका गावाची गोष्ट नव्हे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक माणसांची तोंडं तपासली. तेव्हा शंभर बायकांमागे चाळीसच्या आसपास मिश्री लावणाऱ्या निघाल्या. पुरुष? शंभरांत एकसुद्धा धड नाही. पुढे १९९०च्या दशकात मुंबईत पस्तिशीच्या पुढच्या जवळजवळ एक लाख स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. त्यात निम्म्याहून जास्त बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागे सतरा जणी तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या. म्हणजे साधारण सहांत एक. तुमच्या भिशीत बारा जणी असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी झाली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचायचा?

मायेच्या हातून

आमच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, लग्न होऊन या घरात आल्या त्या जेमतेम अठराच्या होत्या. आल्या त्याच वर्षी त्यांची दाढ दुखायला लागली. सासूबाईंनी आपल्या डबीतली चिमूटभर मिश्री त्यांच्या बोटावर ठेवली आणि म्हणाल्या, “दाबून धर, गप पडंल.” दाढ गप पडली. पुढे काही वर्षांनी ती दाढ काढावी लागली. मिश्री मात्र पस्तीस वर्षं राहिली.

बहुतेकींची सुरुवात अशीच होते. पुरुषाला विडी बहुधा मित्र शिकवतो. बाईला मिश्री आई देते, सासू देते, थोरली जाऊ देते. दाढ ठणकते म्हणून, गरोदरपणात मळमळतं म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून. देणारीच्या मनात माया असते. म्हणून तर ही सवय वाईट आहे असं म्हणताना जीभ अडखळते. सासू-आईच्या शहाणपणावरच बोट ठेवल्यासारखं वाटतं.

अक्कांना घरातल्या पोरांनी कधी टोकलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “मी काय दारू पितो, का गुटखा खातो? दातास्नी लावलं म्हंजे खाल्लं व्हय रं?” (आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, बरं का!) एकादशीला दिवसभर पाण्याचा घोट न घेणाऱ्या अक्का मिश्री तेवढी लावायच्या. कारण ते खाणं नव्हतंच ना!

पण मैत्रिणींनो, तोंडाच्या आतली कातडी फार पातळ असते. तंबाखूतलं निकोटिन तिथून थेट रक्तात उतरतं. त्यासाठी गिळावं लागत नाही. रक्तातलं हे निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं. रात्रभर मिश्री नसली की सकाळपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं, आणि सवयीचं शरीर तक्रार करू लागतं. डोकं जड होतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. मग डबी उघडली की दहा मिनिटांत हुशारी येते. “मिसरीबिगर माझं डोस्कंच चालत न्हाई,” असं अक्का म्हणायच्या, ते अगदी खरं होतं. मिश्रीनं त्यांचं डोकं थांबायचं. पण ते उठवलेलंही मिश्रीनंच असायचं.

पोटाचंही तसंच. निकोटिननं आतड्यांना चालना मिळते, तेव्हा सकाळी पोट साफ होतं हा अनुभव खोटा नाही. पण वर्षानुवर्षं हाच चाबूक मारत राहिलं की आतडी त्याचीच वाट बघत बसतात. दाढेचं दुखणं बधिर होतं, आणि आत कीड मात्र निवांत वाढत राहते. आणि एक गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात घ्यायला हवी. निकोटिन भूक मारतं. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या, कधी उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला दोन वाजेपर्यंत तग धरायला ही भूक मारणारी पूड बरी वाटते. तिची भूक मेली आहे हे मात्र घरात कुणाला कळतही नाही.

भाजल्यानं तंबाखूचं विष जळून जातं, असंही पुष्कळजणी समजतात. तसं होत नाही. उलट भाजताना, जळताना आणखी घातक द्रव्यं तयार होतात. तंबाखू न ओढता नुसती तोंडात धरली, चघळली वा चोळली, तरी तिच्यानं तोंडाचा कर्करोग होतो, याबद्दल आता शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही.

नर्सबाईंचा एक प्रश्न

अक्कांची धाकटी लेक पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. दवाखान्यात नाव घातलं. तपासताना डॉक्टर म्हणाले, बाळाचं वजन दिवसांच्या मानानं थोडं कमी वाटतंय. मग नेहमीचे प्रश्न झाले. जेवता का, गोळ्या घेता का, तंबाखू वगैरे काही? पोरगी म्हणाली, “छे!” तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ती तंबाखू खातच नव्हती.

शेजारी उभ्या असलेल्या वयस्क नर्सबाईंनी तिच्या दातांच्या कडेची काळी रेघ पाहिली आणि साधं विचारलं, “मिश्री लावतीस का गं?” तेव्हा पोरीनं मान हलवली. लहानपणी आईच्या बोटावरची मिश्री तिच्या दातांना लागायची. सासरीही ती गुपचूप चालूच होती.

म्हणून म्हणते, प्रश्न बरोबर शब्दात विचारला तरच खरं उत्तर मिळतं. तुम्ही आशाताई असाल, अंगणवाडीत असाल, नुसत्या शेजारीण असाल, तरी ‘तंबाखू खातेस का’ असं विचारू नका. मिश्री, तपकीर, मशेरी, जे नाव तुमच्याकडे असेल त्या नावानं विचारा.

गरोदरपणाचा आणि मिश्रीचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांच्या बाळंतपणापर्यंत नोंदी ठेवून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला; २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका मुख्यतः मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला ते शंभर ग्रॅम फार मोलाचे असतात. पोटातच मूल दगावण्याचं प्रमाणही मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांत अडीच पटींच्या घरात आढळलं. त्या बायकांनी बाळासाठी काय काय खाणं टाळलं असेल! पपई टाळली असेल, अननस टाळला असेल. डबी मात्र कुणी उचलून ठेवली नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी अक्कांनाही तोंड उघडायला सांगितलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं त्या मिश्रीचं बोट ठेवायच्या, तिथं पुसून न जाणारा पांढरा चट्टा होता. कोल्हापूरला नेऊन त्याचा तुकडा तपासायला दिला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस आमच्या घरात कसे गेले, ते काय सांगू! सुदैवानं कर्करोग नव्हता. पण असा चट्टा म्हणजे इशारा असतो. “आज सोडलीत तर हा जाऊही शकेल. नाही सोडलीत तर पुढचं मी सांगू शकत नाही,” असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

कॅलेंडरवरच्या फुल्या

अक्कांनी यापूर्वी दोनदा मिश्री सोडून पाहिली होती. एकदा रागाच्या भरात डबी गटारात टाकली. तिसऱ्या दिवशी नवी आली. एकदा श्रावणात नेम धरला. महिना कसाबसा काढला आणि श्रावण संपल्या दिवशी दुप्पट लावली. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण घरातल्या पुरुषमंडळींनी त्यांना दोन्ही वेळा ऐकवली होती. स्वतः खिशात चुन्याची डबी बाळगून!

या खेपेला मात्र गर्भार लेकीनं एक वेगळीच गोष्ट केली. ती म्हणाली, “आई, पयल्यांदा सोडायची न्हाई. आठ दिवस नुसतं मोजू या.” भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई-लेकी दोघीही, मिश्री लावली की एक फुली मारायच्या, आणि शेजारी लेक दोन शब्द लिहायची, त्या वेळी काय चाललं होतं ते.

आठ दिवसांनी आम्ही तिघी ते कॅलेंडर घेऊन बसलो. अक्कांच्या दिवसाला सात-आठ फुल्या होत्या. सकाळच्या दोन तर ठरलेल्याच, डोकं आणि पोट. पण बाकीच्या? एक स्वयंपाक उरकल्यावर. एक दुपारची भांडी झाल्यावर. एक चारच्या सुमाराला, पुरुष परत येण्याआधी. एक रात्री ओटा पुसून झाल्यावर. आणि एक, दिवस ठरलेला नाही, पण घरात कुणाचा आवाज चढला की हमखास.

लेकीनं विचारलं, “आई, या चारीच्या वक्ताला तू करतीस तरी काय?” अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काय करणार? पायरीवर टेकतो घटकाभर. नुसतं बसलं की समद्यांच्या डोळ्यावर येतं गं. डबी हातात असली की कोण काय म्हणत न्हाई.”

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून मी चरकले. अख्ख्या दिवसात या बाईला बसायची सबब म्हणून काय ती एक डबी होती! आपण म्हणत होतो, मिश्री सोडा. त्यांच्या कानांना ते कसं ऐकू येत असेल? ‘तुमची बसायची पाच मिनिटंही सोडा,’ असंच ना?

वाईट सवय कुणालाही उगाच लागत नाही. ती काहीतरी देते म्हणूनच टिकते. दारूड्याचं माहीत नाही, पण आपल्या बायकांच्या सवयी बहुधा आपल्याला जे सरळ मागता येत नाही तेच देतात. घटकाभर बसणं, कुणाला उत्तर न देता गप्प राहणं, चार बायकांत मिसळणं. ते काय आहे हे शोधून काढल्याशिवाय नुसती डबी फेकली, तर नवी डबी येणारच.

मग आम्ही काय केलं?

पहिलं म्हणजे चारची वेळ ठरवली. चार वाजता सोप्यात चटई टाकायची, चहा घ्यायचा आणि अक्कांनी बसायचं. हातात काही काम नाही. निवडायला शेंगाही नाहीत. मी आणि लेक सोबतीला. पहिले दोन दिवस अक्का सारख्या उठायला बघत होत्या. दिरांनी आतून हाक मारली, तेव्हा लेकीनंच सांगितलं, “आई बसल्याती. पाणी तुमचं तुम्ही घ्या.” घरात घटकाभर शांतता झाली, पण पाणी घेतलं गेलं!

सकाळच्या दोन फुल्यांसाठी दुसरा उपाय हवा होता. उठल्यावर कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, दुपारी एखादा पेरू, दातांना ब्रश. मंजन विकत घेताना पुडीवर काय काय घातलं आहे ते पोरांकडून वाचून घेतलं. आवाज चढला की काय करायचं, याचं उत्तर अक्कांनी स्वतःच शोधलं. डबीऐवजी त्या परड्यात जाऊन कर्दळीला पाणी घालू लागल्या. भर पावसातसुद्धा! कुणी हसलं नाही.

लेकीनं त्याच दिवशी एकदम सोडली. पोटातल्या बाळासाठी तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही. अक्कांनी दर दोन दिवसांनी एक फुली कमी केली, आणि ठरवलेल्या एका सोमवारी शेवटची पुसली. पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं दुखलं, झोप लागेना, भाकरी करपली म्हणून त्या माझ्यावर केवढ्यांदा ओरडल्या! हे असं होणार हे आधी ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. तीन-चार आठवड्यांत शरीर बहुतेक सावरतं. तलफ आली की वाटतं, आता जीवच जाईल. पण ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप चघळा, तोंड धुवा, दारात उभ्या राहा, कुणाशी तरी बोला.

दीड महिन्यानं बांबवड्याला एक लग्न होतं. मांडवामागे माहेरच्या बायका गोल करून बसल्या, डबी फिरली आणि अक्कांनी बोट घातलं. रात्री घरी आल्या त्या रडवेल्या होऊन. “बाटलो गं पुन्हा.” लेकीनं कॅलेंडर काढलं आणि त्या तारखेवर एक फुली मारली. एकच. म्हणाली, “पंचेचाळीस दिवसांत एक. कुठं बाटलीस?” दुसऱ्या सकाळी अक्कांनी ब्रश घेतला. एकदा घसरलं म्हणजे सगळं गेलं, हा विचार घसरण्यापेक्षा घातक असतो. लक्षात ठेवा, सोडणाऱ्या बहुतेकांना दोन-तीनदा तरी सोडावं लागतं.

लेकीला मुलगी झाली. अडीच किलोंच्या थोडी वर भरली. मिश्री आधी सुटली असती तर किती भरली असती, हे कुणी सांगू शकत नाही. अक्कांचा चट्टा वर्षभरात पुष्कळ फिका झाला. तपासणीला मात्र त्या अजून जातात, आणि गेलंच पाहिजे.

‘जित्याची खोड’ आपली म्हणही सगळी खरी नाही बरं का! टाटा संस्थेच्याच संशोधकांनी १९७७च्या सुमाराला केरळातला एर्नाकुलम, गुजरातेतला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम या जिल्ह्यांत छत्तीस हजारांवर तंबाखू वापरणाऱ्यांना दरवर्षी गाठून, तोंड तपासून, समजावून सांगितलं. पाच वर्षांनी पाहिलं, तर असं न समजावलेल्यांपेक्षा त्यांच्यात सवय सोडणारे जास्त निघाले आणि तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण कमी झालं. खेड्यातली, शाळा न पाहिलेली माणसं होती ती. तेव्हा खोड जिवंतपणीही जाते. कुणीतरी न रागावता, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, एवढंच.

तुमच्यासाठी थोडं

तुमच्या घरी मिश्री असेल तर महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड पाहा. ओठ खाली ओढून, गाल बाजूला करून, जीभ उचलून. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कुठं गाठ, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं होणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखत नाहीच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथून गरज पडली तर पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनीही आहे. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. गरोदर बाईनं तर आपल्या मनानं मुळीच नाही.

आणि मिश्री हे झालं एक उदाहरण. डोकं दुखो न दुखो, रोज एक गोळी घेण्याची सवय असेल, दुपारचं जेवण टाळून तीन कप चहावर भागवण्याची असेल, तरी हाच उपाय करून पाहा. आठ दिवस सोडू नका. नुसतं मोजा, आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोरीला लिहायला सांगा. तिलाही त्यातून शिकायला मिळेल. फुल्या कुठं गर्दी करतात ते पाहिलं की, तुम्हांला काय हवं होतं आणि तुम्ही काय घेत होता, ते आपोआप कळेल.

लहान मुलांच्या दातांना मिश्रीचं बोट कधीही लावू नका. आणि तुमच्या घरात सासूबाई, आई किंवा जाऊ मिश्री लावत असतील, तर त्यांची डबी लपवू नका, चारचौघांत त्यांना लाजवू नका. त्या कधी बसतात आणि कुठं बसतात, तेवढं काही दिवस पाहा. मग उद्या दुपारी चारला चटई टाका, त्यांना हाताला धरून बसवा, चहा तुम्ही करा. आणि आतून कुणी हाक मारली, तर तुम्हीही उठू नका.